घरी जावंसं वाटणाऱ्या मिशनऱ्याचा आठवडा

प्रकरण थोडक्यात असं. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात प्रेस्टन नावाचं शहर आहे. तिथे भाड्याच्या लहानशा फ्लॅटमध्ये दोन अमेरिकन मुलं राहतात. थोरला एकोणीस वर्षांचा, युटाचा; मिशनवर, म्हणजे मॉर्मन चर्चच्या धर्मप्रसाराच्या कामावर, येऊन त्याला वर्ष होत आलंय. धाकटा अठराचा, आयडाहोतल्या शेतकरी घरातला. इंग्लंडात पाय ठेवून त्याला महिनाही झालेला नाही. थोरला त्याचा ट्रेनर. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी रात्री, धाकटा म्हणाला की मला घरी जायचंय. तो आठवडा कसा गेला आणि हे एवढंसं वाक्य तोंडातून निघायला गुरुवार का उजाडावा लागला, हे पाहण्यासाठी हे टिपण.

एक खुलासा आधीच करते. ही मुलं म्हणजे कुणी दोन ठरावीक व्यक्ती नव्हेत. मिशनवर जाऊन आलेल्या अनेकांच्या अनुभवांतून ती उभी केली आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. गाव, नियम, वेळापत्रक आणि इतिहास मात्र खरा आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. धर्मप्रसारक म्हटलं की आपल्याकडे कान टवकारले जातात, आणि त्याला आपल्या इतिहासात कारणंही आहेत. पण दारोदार फिरणारा हा प्रसारक म्हणजे बऱ्याचदा नुकताच बारावी झालेल्या वयाचा मुलगा असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्याच्या धर्माशी तुमचं पटो न पटो, त्याच्या आठवड्याकडे एकदा नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं.

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे या चर्चचं पूर्ण नाव. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. आज मुख्यालय युटातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. 2018 पासून चर्च स्वतः पूर्ण नावाचाच आग्रह धरतं. 2024 च्या अखेरीस त्यांचे सुमारे 74 हजार पूर्णवेळ प्रचारक मिशनरी जगभर काम करत होते. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. पगार नसतो. उलट अमेरिकेसारख्या देशांतून जाणाऱ्याच्या घरून दरमहा 500 डॉलर भरावे लागतात; जुलै 2020 पर्यंत ही रक्कम 400 होती. कुठे जायचं हे मुलाच्या हातात नसतं. अर्ज करायचा आणि पत्राची वाट पाहायची. प्रेस्टन निघालं तर प्रेस्टन, पेरू निघालं तर पेरू.

पूर्वी मुलांसाठी किमान वय एकोणीस होतं. ऑक्टोबर 2012 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी ते अठरा केलं. या प्रकरणात ही तारीख महत्त्वाची आहे. एकोणीसचा नियम असता तर आपला धाकटा आधी वर्षभर कॉलेजच्या वसतिगृहात राहिला असता. घर सोडण्याची पहिली कळ तिथे, सुट्टीला घरी जाता येईल इतक्या अंतरावर, सोसून झाली असती. तो शाळेतून थेट इथे आला.

सोमवार

मिशनऱ्याचा आठवडा खऱ्या अर्थानं सोमवारी सुरू होतो. हा त्यांचा तयारीचा दिवस, त्यांच्या बोलीत ‘पी-डे’. कपडे धुवायचे, इस्त्री करायची, आठवड्याचं सामान आणायचं, केस कापायचे, ईमेल लिहायच्या. संध्याकाळी सहाला पुन्हा शर्ट-टाय चढवून, छातीवर काळी नावपाटी लावून कामावर. आणि याच दिवशी घरी फोन. फेब्रुवारी 2019 पर्यंत फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याला ईमेल. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो.

आयडाहोत सकाळचे आठ वाजले की प्रेस्टनमध्ये दुपारचे तीन. धाकटा टेबलाशी बसून फोन लावतो. पडद्यावर स्वयंपाकघर दिसतं, मागे धाकटी बहीण शाळेची तयारी करतेय. आई गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगबद्दल, म्हणजे सगळ्या कुटुंबानं एकत्र जेवायच्या अमेरिकन सणाबद्दल, सांगते: कोण येणार, टर्की किती पौंडांची आणलीय, आजी ‘पाय’ हा गोड पदार्थ घेऊन येणार आहे. “तू बरा आहेस ना?” ती विचारते. “हो, बरा आहे. पाऊस फार आहे.” यापुढे तो जात नाही.

का जात नाही? दोन हातांवर थोरला शर्टाला इस्त्री करत उभा आहे. मिशनचा नियम असा की जोडीदारानं सदैव नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. बाथरूम सोडलं तर दोन वर्षं एकट्यानं कुठेच जायचं नाही. नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे. अनोळखी शहरात पोरं सुरक्षित राहतात, कुणी भरकटत नाही, कुणावर आळ आला तर साक्षीदार असतो. पण त्यामुळे आईशी बोलायला आडोसाही उरत नाही. शिवाय जोडीदार निवडलेला नसतो, नेमून दिलेला असतो. दर सहा आठवड्यांनी ‘ट्रान्सफर’ येते, तेव्हा जोडी बदलू शकते, गाव बदलू शकतं. ज्याला ओळखून महिनाही झालेला नाही, त्याच्यादेखत अठरा वर्षांचा मुलगा आईला काय सांगणार? थोरला वाईट मुलगा नाही. त्यानं कानात इअरफोनही घातले होते. पण धाकट्याच्या लेखी तो खोलीत होता, एवढं पुरेसं होतं.

मंगळवार, बुधवार

साडेसहाला उठायचं. व्यायाम, आंघोळ, नाश्ता. मग तासभर एकट्यानं धर्मग्रंथांचं वाचन, नंतर जोडीनं अभ्यास, आणि घराबाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, उद्याची आखणी, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलींबरोबर फिरणं नाही. दारू-तंबाखू तर नाहीच, चहा-कॉफीही नाही. हा आहाराचा नियम 1833 पासूनचा आहे. इंग्लंडात त्याचा त्रास वेगळाच होतो, कारण इथे माणुसकीची सुरुवात चहानं होते. भर पावसात दार उघडणारी बाई धर्माची गोष्ट ऐकणार नाही, पण “आत ये पोरा, चहा टाकते” म्हणेल, आणि तेवढंच नेमकं नाकारावं लागतं.

मंगळवारी ही जोडी डीपडेल भागात फिरत होती. फुटबॉलच्या मैदानाजवळ विटांची चिकटून बांधलेली घरं आहेत. तिथे गुजराती कुटुंबं बरीच. एका दारात म्हातारी गुजराती बाई उभी राहिली. तिनं दोघांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. धाकट्याचे बूट भिजून काळे पडले होते. “आवो बेटा, अंदर आवो,” ती म्हणाली. थोरल्यानं विचारलं, घरात आणखी कुणी आहे का? नव्हतं. एकटी स्त्री घरात असेल तर मुलांनी आत जायचं नाही, हा नियम. तो तिला समजावता समजावता थोरल्याची पुरेवाट झाली. तिला एवढंच कळलं की ही पोरं संकोचतायत. तिनं उंबऱ्यावरच पाणी आणलं आणि ताटलीत गाठिया. पावसात छत्री धरून दोघांनी त्या खाल्ल्या. धर्माचं बोलणं निघालंच नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, तोही धाकट्याला: “मम्मी कहाँ है?” हिंदी त्याला येत नाही, पण मम्मी कळलं. त्यानं हातानं दूरची खूण केली.

बाकी दिवस दारं मिटण्यात गेला. इंग्लंडातला नकार बहुतेक वेळा सौजन्याचा असतो. “आम्हाला नको, धन्यवाद” आणि दार. शिव्या क्वचित. मिशनवर जाऊन आलेली कितीतरी मुलं सांगतात की नकाराची सवय होते, आणि ती पुढे आयुष्यभर कामी येते. ते खरं असेलही, पण ही सवय व्हायला काही महिने लागतात, आणि ज्याला पहिल्या महिन्यात ती झालेली नाही त्याला आपण कमी पडतोय असं वाटू लागतं.

बुधवार सेवेचा. चर्चमधल्या एका वृद्ध जोडप्याला घर बदलायचं होतं. पोरांनी टाय काढले, जीन्स घातल्या आणि दिवसभर कपाटं उचलली. वळणाच्या जिन्यातून सोफा कसा काढायचा हे धाकट्यानं सगळ्यांना शिकवलं. शेतावर वाढलेला, त्याला ओझ्याची अक्कल होती. त्या दिवशी तो पहिल्यांदा मोकळेपणानं हसला, असं थोरल्यानं नंतर मिशनच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. या मुलाला काम जड जात नव्हतं. आपल्या हातून काही झालं हे दिसेल असं काम त्याला हवं होतं.

गुरुवारची रात्र

गुरुवारी पुढच्या आठवड्याची आखणी असते आणि त्या दिवशी एक महत्त्वाची भेटही ठरलेली होती. एक गृहस्थ गेले दोन महिने थोरल्याकडून शिकत होते. सभेला येत होते, सिगारेट सोडली होती. बाप्तिस्म्याची तारीख डिसेंबरची धरली होती. दुपारी त्यांचा निरोप आला: घरच्यांशी बोललो, आता नको, तुम्ही चांगली मुलं आहात. पुढचे फोन त्यांनी उचलले नाहीत.

संध्याकाळी चार वाजता अंधार पडला. इंग्लंडात थँक्सगिव्हिंग नसतं. बाहेर नेहमीसारखा गुरुवार. दोघांनी पास्ता उकडला. घरी यावेळी सगळे टेबलाभोवती जमले असतील, ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती आणि दोघांनीही ती काढली नाही.

दिवे बंद झाल्यावर बऱ्याच वेळानं धाकटा म्हणाला, “एल्डर, झोपलास का?” (मुलगे एकमेकांना एल्डर म्हणतात, मुली सिस्टर.)

“नाही.”

“मला घरी जायचंय. आजचं नाही हे. आलो त्या दिवसापासून.”

थोरला उठून बसला. आधी त्याच्या तोंडून तेच निघालं जे त्याला कुणीतरी सांगितलं होतं: पहिले दोन महिने सगळ्यांनाच जड जातात, प्रार्थना कर, लोकांची सेवा करत राहा, मन रमेल. धाकटा गप्प ऐकत राहिला. मग म्हणाला, “मी परत गेलो तर बाबा काही बोलणार नाहीत. पण चर्चमध्ये लोक त्यांना विचारतील.”

सगळं प्रकरण या वाक्यात आहे असं मला वाटतं. मुलगा मिशनवर निघतो तेव्हा अख्खा वॉर्ड, म्हणजे तिथली स्थानिक मंडळी, त्याला निरोप देते. तो सभेत भाषण करतो, आजी रडते. दोन वर्षांनी परत येतो तेव्हा विमानतळावर फुगे आणि पोस्टर घेऊन माणसं उभी असतात. याच कौतुकामुळे मधूनच परतणं कठीण होतं. चर्चच्या कोणत्याही नियमात लवकर येणाऱ्याला कमी लेखा असं लिहिलेलं नाही, उलट त्याला प्रेमानं सामावून घ्या असंच सांगितलं जातं. पण गावाचे डोळे नियमाप्रमाणे चालत नाहीत. दारादारांवर दुसऱ्यांचा नकार ऐकून घ्यायचं शिक्षण या मुलांना रोज मिळतं. स्वतःचा नकार कसा उच्चारायचा, हे त्यांच्या आठवड्यात कुठेही शिकवलेलं नसतं.

शुक्रवार

थोरल्यानं सकाळी मिशन अध्यक्षांना फोन केला. मिशन अध्यक्ष म्हणजे पाद्री नव्हे. आपलं काम-धंदा बाजूला ठेवून बायकोसह तीन वर्षांसाठी आलेला साधा सभासद असतो, आणि शंभराच्या वर मुलामुलींची जबाबदारी त्या दोघांवर असते. त्यामुळे सगळं त्या माणसाच्या स्वभावावर येऊन ठेपतं. कुणी चांगला निघतो, कुणी फक्त आकड्यांचा निघतो.

हे अध्यक्ष चांगले निघाले. त्यांनी धाकट्याला थेट विचारलं, “तुला रंग ठाऊक आहेत ना? आज कुठला?” चर्चनं मिशनऱ्यांसाठी काढलेल्या एका पुस्तिकेत तणावाच्या चार पातळ्या रंगांनी दाखवल्या आहेत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. धाकटा म्हणाला, नारिंगी. मग त्याच दुपारी समुपदेशकाशी बोलणं ठरलं. सोमवारची वाट न पाहता आज घरी फोन कर असंही अध्यक्षांनी सांगितलं, आणि थोरल्याला म्हणाले की त्या वेळात तू दुसऱ्या खोलीत दार लावून बस. जीव गुदमरायला लावणारी अडचण एका लावलेल्या दारानं सुटू शकते, हे त्यांच्या ध्यानात आलं. वर त्यांनी धाकट्याला सांगितलं की राहायचं की जायचं हे आज ठरवू नकोस, पुढच्या ट्रान्सफरला ठरव. गेलास तर तिकीट मी काढीन आणि तुझ्या वडिलांशी मी बोलेन.

त्या फोनवर तो आईजवळ रडला. तासभर.

रिबलच्या काठी

शनिवारी थोरला त्याला अ‍ॅव्हनम पार्कमध्ये घेऊन गेला. तिथून रिबल नदी वाहते. या चर्चच्या इतिहासात ती मोठी जागा आहे. अमेरिकेबाहेरच्या दूरदेशीचं त्यांचं पहिलं मिशन इथलंच. जुलै 1837 मध्ये हीबर किंबल आणि त्यांचे साथीदार लिव्हरपूलला उतरले आणि दोन-तीन दिवसांत प्रेस्टनला आले, तेव्हा शहरात निवडणुकीची धामधूम चालली होती. 30 जुलैला त्यांनी रिबलमध्ये नऊ जणांना बाप्तिस्मा दिला. पहिला मान कुणाचा यावरून दोघांमध्ये नदीपर्यंत धावण्याची शर्यत लागली आणि जॉर्ज वॉट नावाचा तरुण जिंकला. पुढच्या दशकांत ब्रिटनमधले हजारो लोक नवा धर्म स्वीकारून युटाला गेले. थोरल्याचे खापर-खापरपणजोबाही त्यांतलेच.

ब्रिटनमधूनच काही प्रचारक हिंदुस्थानातही आले. ह्यू फिंडले हे 1852 मध्ये मुंबईला उतरले आणि पुढे पुण्यात गेले. त्यांच्या हाती मोजकी माणसं लागली, आणि 1850 चं दशक संपायच्या आत ते काम गुंडाळलं गेलं. फिंडले परतले म्हणून त्यांना कुणी अपयशी म्हणत नाही. चर्चच्या इतिहासात त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं.

1837 चं प्रेस्टन आणि आजचं प्रेस्टन यांची तुलना मुलांच्या डोक्यावर ओझ्यासारखी बसते. थोरल्याला ती प्रेरणा देते. धाकट्याला त्या काठावर उभं राहून एवढंच वाटलं की त्यांना आठवड्यात नऊ मिळाले, आम्हाला एकही नाही.

रविवारचे आकडे

रविवारी सभा. 2019 पासून ती दोन तासांची आहे, आधी तीन तासांची असे. प्रभुभोजनाच्या विधीत पावाचा तुकडा आणि पाणी, वाइन नाही. दुपारी एका कुटुंबाकडे जेवण होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण टेबलावर टर्की होती आणि विकत आणलेला पंपकिन पाय. धाकट्यानं तीनदा वाढून घेतलं.

रात्री मात्र आकडे भरायचे असतात. या आठवड्यात किती नवे लोक शिकायला लागले, किती जण सभेला आले, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली, किती बाप्तिस्मे झाले. प्रेस्टनच्या या जोडीचं उत्तर होतं: शून्य, शून्य, शून्य, शून्य.

इथे जगाचा हिशेब पाहू. 2024 मध्ये चर्चनं सुमारे 3 लाख 8 हजार नवे बाप्तिस्मे नोंदवले. 74 हजार मिशनऱ्यांत वाटले तर वर्षाला माणशी चार. पण ते सारखे वाटले जात नाहीत. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत लोक मोठ्या संख्येनं येतात, पश्चिम युरोपात फार थोडे. म्हणजे प्रेस्टनच्या मुलाचा शून्य हा बहुतांशी प्रेस्टनचा शून्य असतो. चर्चच्या मार्गदर्शनातही म्हटलेलं आहे की तुमचं यश लोकांच्या होकारावर मोजू नका, तुमच्या निष्ठेवर मोजा. मग दर रविवारी रात्री भरायच्या रकान्यांत निष्ठेसाठी एकही रकाना का नसावा? बुधवारचा सोफा कुठे लिहायचा? डीपडेलच्या आजीनं बेटा म्हटलं, ते कुठे? संख्या मागणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, मोठी संस्था चालवायला नोंदी लागतातच. पण अठरा वर्षांचा मुलगा दिवसाच्या शेवटी उपदेश विसरतो आणि रकाना लक्षात ठेवतो. नव्या मुलाचे पहिले तीन महिने, म्हणजे त्याचा प्रशिक्षणाचा काळ, हे आकडे ट्रेनरनं एकट्यानं भरावेत आणि नव्याला दाखवूही नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे

धाकटा नाताळच्या आधीच्या ट्रान्सफरपर्यंत राहिला. त्या तीन आठवड्यांत त्याची झोप सुधारली, समुपदेशकाशी दर आठवड्याला बोलणं झालं, पण निर्णय बदलला नाही. अध्यक्षांनी शब्द पाळला. वडिलांना त्यांनीच फोन केला. थोरल्याला काही दिवस आपण कमी पडलो असं वाटत राहिलं. अध्यक्षांनी त्याला लिहिलं की तू शुक्रवारी सकाळी फोन केलास, ट्रेनरचं काम तेवढंच होतं आणि ते तू केलंस. मला हे पटतं.

जानेवारीत धाकट्यानं सेवा-मिशनसाठी अर्ज केला. या मिशनवर मुलं स्वतःच्या घरी राहून काम करतात. 2019 पासून दोन्ही प्रकारांसाठी अर्जाची पद्धत एकच आहे आणि नेमणुकीचं पत्रही तसंच येतं. त्याला गरजूंसाठी धान्य साठवणाऱ्या चर्चच्या भांडारात काम मिळालं: पोती उचलायची, ट्रक भरायचे, येणाऱ्या कुटुंबाला काय लागतं ते विचारून पिशव्या बांधायच्या. तो ते उत्तम करतो. संध्याकाळी घरी जेवतो.

वॉर्डमध्ये काही जण अजूनही त्याच्या वडिलांना विचारतात, मुलगा लवकर आला का? वडील सांगतात, लवकर कुठे, तो मिशनवरच आहे. चर्चच्या नोंदीतही तसंच आहे.